मदत हवी आहे: दूरदर्शनच्या काळातल्या एका कार्टून-चित्रकार काकांच्या मुलीचा शोध (त्यांची ७१ चित्रं माझ्याकडे आहेत)

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. सविस्तर लिहिते, कारण कुठल्या तपशिलावरून कोणाला काय आठवेल ते सांगता येत नाही.

आई गेल्यावर मागच्या महिन्यात डोंबिवलीचं घर आवरायला घेतलं. माळ्यावर सगळ्यात मागे, बाबांच्या जुन्या होल्डॉलखाली, एक पत्र्याची पेटी होती. झाकणावर बाबांच्या अक्षरात चिकटपट्टीवर लिहिलं होतं, "(काकांचं नाव) यांची ठेव आहे. टाकू नये." पेटी उघडली आणि आंबलेल्या व्हिनेगरचा उग्र वास आला. वर अठरा पारदर्शक प्लास्टिकची चित्रं होती, एक शेतकरी आणि त्याचा बैल. त्याखाली जुन्या लुंगीत नीट गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदाच्या खालच्या कडेला तीन भोकं, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट. प्रत्येक कागदावर पेन्सिलने काढलेली एकच मुलगी, दोरीवरच्या उड्या मारणारी.

त्या मुलीला मी ओळखते. ती आमच्या शेजारची ताई आहे. ती चित्रं काढली तेव्हा मी तिथेच उभी होते.

आम्ही मुंबईत अँटॉप हिलला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएस कॉलनीत राहायचो, सेक्टर सातमध्ये. बाबा केंद्र सरकारी नोकरीत. समोरच्या दारात काका-काकू, त्यांची मुलगी आणि तिच्याहून बराच लहान भाऊ. क्वार्टर काकूंच्या नावावर होतं, कारण सरकारी नोकरी काकूंची. काका चित्रकार. त्यांचं नाव-आडनाव इथे उघड लिहीत नाही. ते हयात नाहीत असं ऐकलं आहे, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय नाव चव्हाट्यावर मांडणं मला पटत नाही. कोणाला काही धागादोरा आहे असं वाटलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा, तिथे सगळं सांगेन.

काका मूळ राजापूर तालुक्यातले. जे.जे.तून शिकून बाहेर पडल्यावर काही वर्षं पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या कार्टून युनिटमध्ये होते. हे युनिट १९५६ च्या सुमाराला उभं राहिलं. क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेत काम केलेले चित्रकार अमेरिकेहून आले होते आणि त्यांनी पहिल्या तुकडीला शिकवलं. पुढे नावाजलेले कार्टूनकार राम मोहन त्याच तुकडीतले. काका खूप नंतर लागले, पण या दोघांची नावं घेताना आवाज खाली आणायचे, घराण्याच्या गुरूचं नाव घेताना गवई कानाला हात लावतो ना, तसं. पुढे १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, कार्टूनच्या जाहिरातींना मागणी आली, आणि काका एका खाजगी स्टुडिओत गेले. साबण, बी-बियाणं, दंतमंजन, मधेच मुलांच्या कार्यक्रमासाठी एखादा छोटा तुकडा. दूरदर्शनवर मुलांचं 'किलबिल' बघताना मधे काही हलतं चित्र आलं की आम्ही सगळी पोरं काकांच्या तोंडाकडे बघायचो. ते मान हलवून हो किंवा नाही म्हणायचे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय काका कसे होते ते कळणार नाही. 'एक चिडिया, अनेक चिडियाँ' सगळ्यांना पाठ होतं. मी शाळेत सांगून टाकलं की ती फिल्म आमच्या समोरच्या काकांनी काढली आहे. वर्गातल्या दोन मुली खरंखोटं करायला घरीच आल्या. काकांनी त्यांना बसवलं, लाडू दिला आणि सांगितलं, "बाळांनो, फिल्म विजया मुळे यांची, चित्रं भीमसेन यांची, चाल वसंत देसाईंची. मी त्यात एक रेघसुद्धा मारलेली नाही." मुली गेल्यावर मला जवळ घेऊन म्हणाले, दुसऱ्याच्या रेघेवर आपलं नाव सांगायचं नाही. ज्या माणसाचं स्वतःचं नाव कुठल्याच पडद्यावर कधी आलं नाही, त्याचं हे बोलणं. तेव्हा मला फक्त ओरडा बसल्यासारखं वाटलं होतं.

काकांचं टेबल गॅलरीत होतं. लाकडी चौकट, तिच्यात तिरकी बसवलेली दुधी काच, खाली ट्यूबलाइट. काचेच्या खालच्या कडेला पितळी पट्टी, तिच्यावर तीन खुंट्या. कागदाची भोकं त्या खुंट्यांत बसवायची म्हणजे कागद केसभरही सरकत नाही. या पट्टीला ते पेग बार म्हणत. आधी पहिलं चित्र, मग सातवं, मग तेरावं. ही मुख्य चित्रं, त्यांच्या आकड्यांभोवती गोल. मधली नंतर भरायची, ती इन-बिटवीन. कडेला एक छोटी शिडी काढलेली असे, कुठलं चित्र कोणाच्या किती जवळ ते दाखवणारी. पायऱ्या दाट असल्या की हालचाल संथ, विरळ असल्या की झपकन. सेकंदाला चोवीस फ्रेम, पण एक चित्र दोनदा शूट करायचं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. हे मला आठव्या वर्षी तोंडपाठ होतं. पाढे नव्हते.

उन्हाळ्याची सुट्टी होती, साल १९८३. काकांनी ताईला गॅलरीत दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. ताई उडी मारायची, मी वेळ ओरडायची, काका भराभर खरडायचे. खालच्या मजल्यावरच्या आजी दोनदा वर येऊन बोलून गेल्या. आठ-दहा दिवस हे चाललं. त्यानंतर महिनोन् महिने काका रात्री जेवण झालं की स्टुडिओचं काम बाजूला ठेवून हीच चित्रं काढत बसायचे.

आता पेटी उघडल्यावर मला जे कळलं ते तेव्हा कळलं नव्हतं. दोरीवरच्या उड्या म्हणजे तीच तीच हालचाल. जाहिरातीत किंवा टीव्हीच्या कामात असं काही असेल तर एका उडीची दहा-बारा चित्रं काढतात आणि तीच पुन्हा पुन्हा फिरवतात. त्याला सायकल म्हणतात. वेळ वाचतो, पैसा वाचतो, बघणाऱ्यालाही फरक पडत नाही. काकांनी तसं केलेलं नाही. आकडे एकपासून बहात्तरपर्यंत आहेत आणि एकही चित्र दुसऱ्यासारखं नाही. पहिल्या उडीला वेणी घट्ट आहे. तिसरीला रिबीन सैल झालीय. पुढे ताई दमते, खांदे खाली येतात, तोंड उघडतं. एका चित्रात ती बाजूला बघतेय, आणि ती माझ्याकडे बघतेय हे मला माहीत आहे, कारण स्टॉपवॉच घेऊन मी त्याच बाजूला उभी होते. साठाव्या चित्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, "दमली. वेग कमी." हे कोणाच्या ऑर्डरचं काम नव्हतं. बापाने आपली नऊ वर्षांची मुलगी उडीगणिक काढून ठेवली आहे.

माझ्या मुलाने ही चित्रं एकेक करून फोनवर घेतली आणि सेकंदाला बारा या हिशेबाने जोडली. सहा सेकंद होतात. बेचाळीस वर्षांनी ताई पुन्हा उड्या मारायला लागली. मी ते किती वेळा बघितलं ते सांगत नाही. मधे एका ठिकाणी ती जरा अडखळते, कारण ४१ नंबरचा कागद गठ्ठ्यात नाही. ७१ आहेत.

आता पेटी आमच्याकडे कशी आली ते. १९९२ मध्ये काकूंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि क्वार्टर सोडावं लागलं. सामान आधी नातेवाइकांकडे जाणार होतं. तिथे ओल होती, म्हणून काकांनी ही पेटी बाबांकडे दिली. "पुढच्या खेपेला नेतो" म्हणाले. दोन-तीन वर्षं पत्रं येत होती, मग आम्हीही डोंबिवलीला आलो आणि पत्ते तुटले. २००३ च्या आसपास कॉलनीतल्या एका ओळखीच्यांकडून कळलं की काका गेले. ताईला बडोद्याला दिली एवढंच तेव्हा कानावर आलं होतं. बाबा होते तोवर अधूनमधून पेटीची चौकशी करायचे, "कोणी आलं का?" म्हणून. मी तेव्हा लक्ष दिलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्यांनी चिकटपट्टी लावून ठेवली म्हणून आज पेटी भंगारात गेलेली नाही.

मी माझ्या परीने शोध घेतला आहे. कॉलनीतली आमची बिल्डिंग आता रिकामी आहे. काकूंच्या जुन्या कार्यालयात पेन्शनरांचे पत्ते कोणाला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांनी निदान माझं पत्र फाईलला लावून घेतलं. फेसबुकवर ताईचं माहेरचं नाव घालून पाहिलं, पण लग्नानंतर नाव बदललं असेल तर कसं सापडणार.

म्हणून तुम्हाला विचारते. साधारण १९८० ते १९९२ या काळात अँटॉप हिलच्या सेक्टर सातमध्ये कोणी राहिलं आहे का? घरी गॅलरीत प्रकाशाचं टेबल असलेले चित्रकार काका कोणाला आठवतात का? तेव्हाच्या कार्टूनच्या स्टुडिओंमध्ये ट्रेसिंग किंवा रंगकाम करणाऱ्या बऱ्याच मुली असत. त्यातल्या कोणी, किंवा कोणाच्या आई-मावशी त्या कामात होत्या का? बडोद्याच्या मंडळींनाही विनंती. ताई आज पन्नाशी ओलांडलेली असेल. काकांच्या चित्रांची एक खूण आहे, उजव्या कोपऱ्यात सहीऐवजी तीन रेघांची चिमणी.

दुसरा प्रश्न त्या प्लास्टिकच्या चित्रांबद्दल. वास रोज वाढतोय असं वाटतं. ताई सापडेपर्यंत ती टिकायला हवीत. काय करू?

*

प्रतिसाद

ताई, वास येतोय म्हणजे घाई करा. ते सेल, म्हणजे तुमची ती पारदर्शक चित्रं, अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकचे आहेत. अ‍ॅसिटेट जुनं झालं, त्याला उष्णता आणि दमटपणा मिळाला की ते विघटित होतं आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं. व्हिनेगरचा वास त्याचाच. बंद पत्र्याच्या पेटीत ही वाफ कोंडते आणि बाकीच्या सेलनाही लागते. तेव्हा आधी सेल पेटीतून काढा आणि कागदांपासून वेगळे करा. पेन्सिलची चित्रं पुन्हा त्या पेटीत ठेवू नका.

सेल पुसू नका. पाणी नको, ओलं फडकं तर नकोच. रंग सेलच्या मागच्या बाजूने भरलेला असतो, तो पोपडा होऊन सुटतो. दोन सेल चिकटले असतील तर ओढून सोडवायचे नाहीत, तसेच ठेवायचे. आडवे ठेवा, वर वजन नको. मधे आम्लरहित कागद घाला, वर्तमानपत्र अजिबात नको. प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करू नका. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, वारा असलेल्या जागी ठेवा. बाथरूमच्या भिंतीला लागून नको, माळ्यावर तर नकोच. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून आजच्या आज प्रत्येक सेलचा वरून सरळ फोटो काढा, खाली पांढरा कागद ठेवून. स्कॅनरचं झाकण दाबू नका.

पेन्सिलच्या चित्रांना फारसा धोका नाही, पण त्यांचे फोटो काढताना पेग बारसारखी तीन खुंट्यांची पट्टी करून घ्या. सुतार करून देईल. मग कागद जागचा हलणार नाही आणि चित्रातली मुलगी थरथरणार नाही.

*

प्रतिसाद

माझे वडील फिल्म्स डिव्हिजनमध्येच होते, साउंडला. कार्टूनवाल्यांचा मजला आम्हा मुलांचा आवडता, कारण तिथे रद्दी कागद मिळायचा. तुम्ही म्हणता तसा, तीन भोकांचा. माझी चौथीची सगळी गणितं त्या कागदांच्या मागे केलेली आहेत. पुढच्या बाजूला काय होतं ते तेव्हा पाहिलंही नाही, आज हळहळ वाटते.

त्या फिल्म थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागायच्या, देशभर. पण नावांच्या पाटीवर सगळे येत नसत. मधली चित्रं भरणारे, सेलवर रेघ उतरवणारे, रंग भरणारे यांची नावं शोधायला गेलात तर पडद्यावर क्वचितच सापडतील. फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली आहे. पेडर रोडच्या त्याच आवारात गुलशन महालात सिनेमाचं संग्रहालय आहे. तिथल्या लोकांना एकदा भेटा. जुने निवृत्त कर्मचारी अधूनमधून तिथे येतात, वडीलही जायचे.

पण माझं ऐकाल तर मुंबईत शोधू नका, गावाकडून शोधा. काका राजापूर तालुक्यातले ना? गाव आणि वाडी माहीत असेल तर काम झालंच समजा. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वर्षभर कुलूप असलेलं घर असलं तरी पालखी यायची म्हणून कोणी ना कोणी चाकरमानी येऊन दार उघडतो. कोणी आलंच नाही तर भाऊबंद ओटी भरतात. त्या घराचं कोण कुठे आहे हे शेजारच्या घराला माहीत असतंच. गणपतीतही तेच. गावच्या गुरवाला किंवा मानकऱ्यांना एक फोन करा.

*

प्रतिसाद

मी बडोद्याची, दांडिया बाजारात माहेर आणि सासर दोन्ही. मुंबईहून लग्न होऊन आलेल्या, पन्नाशीतल्या, वडील चित्रकार, एवढ्यावरून दोन नावं लगेच डोळ्यांसमोर आली, पण एकीचे वडील पोर्ट्रेट करायचे, ते नव्हेत. दुसरीला विचारते. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तुमच्या धाग्याचा दुवा टाकू का? तुमची परवानगी असेल तरच टाकेन. ते सहा सेकंद मात्र टाकणार नाही. ते आधी तिने बघायला हवेत.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सेल काल रात्रीच वेगळे केले. दोन खरंच चिकटलेले आहेत, त्यांना हात लावलेला नाही. अठराच्या अठरा फोटो काढून झाले. बैलाच्या पाठीचा रंग दोन ठिकाणी सुटलाय, बाकी बरे आहेत. सुताराला पट्टी सांगितली.

बडोद्याच्या ताई, दुवा जरूर टाका. आणि ते सहा सेकंद आधी तिनेच बघायचे, हे तुम्ही म्हणालात म्हणून माझ्या लक्षात आलं. मी ते इथे चढवायच्या बेतात होते. आता नाही चढवणार.

शिमग्याची सूचना वाचून भावाला फोन केला. गावाचं नाव आठवत होतं, वाडीचं नव्हतं. त्याला वाडी आठवली, कारण काका एकदा त्याला बरोबर घेऊन गेले होते आणि एस.टी. जिथे सोडायची तिथून डोंगर उतरावा लागला होता. फोन नंबर मिळवते आहे. नाही मिळाला तर येत्या शिमग्याला स्वतः जाईन. रजा सांगून ठेवली आहे.

भावाने आणखी एक आठवण काढली आणि माझ्या अंगावर काटा आला. ४१ नंबरचा कागद हरवलेला नाही. काकांनी तो ताईला दिला होता. तिने तो अभ्यासाच्या टेबलावर, भिंतीला चार पिना मारून लावला होता आणि घर सोडताना सगळ्यात आधी तो काढून वहीत ठेवला होता. भाऊ तेव्हा सामान उतरवायला मदत करत होता, त्याने पाहिलं आहे. त्या चित्रात एक गोष्ट बाकी एकाहत्तर चित्रांत नाही अशी आहे. ती काय ते मला आता आठवलं, पण इथे लिहीत नाही. धागा बऱ्याच ठिकाणी जाणार आहे आणि पेटी योग्य हातातच पडायला हवी. कोणाच्या घरी खाली तीन भोकं असलेला, कोपऱ्यात चिमणी आणि ४१ आकडा असलेला कागद असेल, तर त्यात काय आहे एवढंच मला व्यनिने कळवा. बाकीचे ७१ घेऊन मी येते, बडोदा असो नाहीतर कुठेही.